आ वासणे म्हणजे नेमके काय

परदेशात मराठीचे वर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे: धड्यात 'तो आ वासून बघत राहिला' असे वाक्य होते. दहा वर्षांच्या एका मुलाने हात वर करून विचारले, "म्हणजे त्याच्या तोंडाला वास येत होता का?" मुले हसली, पण बाईंना त्याला नीट उत्तर देता आले नाही. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. 'वासणे' म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून? 'आवासून' लिहायचे की 'आ वासून'? आणि त्या मुलाला काय सांगायचे?

मी तीसेक वर्षे मुद्रिते तपासली आणि कोशासाठी शब्दांच्या नोंदी केल्या. या शब्दाने मला बरेच काही शिकवले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या मुलाची बाजू घेतो. त्याने केले ते अगदी बरोबर केले. ओळखीचा शब्द दिसला, त्याचा ओळखीचा अर्थ लावून पाहिला, तो बसेना म्हणून विचारले. व्युत्पत्तीचे काम असेच सुरू होते. त्याला 'वास' म्हणजे गंध एवढेच माहीत होते, आणि मराठीत 'वास' या दोन अक्षरांत किती वेगवेगळे शब्द येऊन राहिले आहेत हे मोठ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. नाकाला कळतो तो वास. वनवास, सहवास यांतला वास म्हणजे राहणे. जुन्या अभंगांत 'वास पाहणे' येते, तिथे वास म्हणजे वाट. घराचा वासा 'वंश' म्हणजे बांबू या शब्दातून आला आणि वासरू 'वत्स'मधून. उगम वेगळे, पण शेकडो वर्षे जिभेवर घासले जाऊन सगळे एकसारखे ऐकू येऊ लागले.

'आ वासणे'तला वासणे हा आणखी एक, स्वतंत्र शब्द आहे. त्याचा अर्थ रुंद उघडणे, फाकवणे. गंधाशी त्याचा काही संबंध नाही. याचा पुरावा कोश न उघडताही सापडतो. गंधाबद्दल बोलताना आपण 'वास येतो', 'वास घेतो', 'वास मारतो' असे म्हणतो. फूल 'दरवळते', कुत्रे 'हुंगते'. 'फूल वासते' असे आजचा मराठी माणूस म्हणत नाही. म्हणजे गंधाच्या वासाला आज स्वतःचे क्रियापद नाही आणि वासणे या क्रियापदाला गंध नाही.

आता या क्रियापदाची एक गंमत बघा. अर्थ 'उघडणे' असला तरी दार वासत नाही, पुस्तक वासत नाही, डबाही वासत नाही. वासायला तोंडच लागते. माणूस आ वासतो किंवा तोंड वासतो, मगर जबडा वासते, घरट्यातली पिल्ले चोची वासतात. तळ सुटलेल्या बुटाने आ वासला असे म्हणतो, तेव्हाही त्या बुटाला आपण आधी तोंड दिलेले असते. 'तो आ वासतो आहे' असे चालू काळातले रूप फारसे कानावर येत नाही, बहुतेक वेळा भेटते ते 'वासून' किंवा 'वासलेला'. क्रियापदाची बाकीची रूपे मागे पडली आणि चार-दोन जोडीदारांबरोबर ते टिकून राहिले. अशा शब्दांबद्दल मला फार माया वाटते. जोडीदार सुटला की ते जातात. त्या वर्गातल्या मुलाने तो शब्द पकडून ठेवला याचा म्हणूनच आनंद झाला.

आणि तो 'आ'? तो नुसता उद्गार नाही, या वाक्प्रचारात ते चक्क नाम आहे आणि पुल्लिंगी आहे: आ वासला, तोंडाचा आ झाला. बाळाला भरवताना आई 'आ कर' म्हणते, घसा बघताना डॉक्टर 'आ करा' म्हणतात. दोघांना आवाज नको असतो, उघडलेले तोंड हवे असते. पण आ म्हटल्याशिवाय तोंड तेवढे उघडत नाही, म्हणून त्या ध्वनीचेच नाव त्या आकाराला पडले. सगळ्या स्वरांत जबडा सर्वांत खाली जातो तो आ म्हणताना. ई म्हणताना ओठ ताणले जातात, ऊ म्हणताना तोंडाचा चंबू होतो. आपल्या जुन्या वैयाकरणांनी हे फार बारकाईने पाहिले होते. त्यांच्या परिभाषेत आ हा 'विवृत' स्वर, म्हणजे उघडा, आणि बोलण्यातला अ 'संवृत', म्हणजे काहीसा मिटलेला. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे शेवटचे सूत्र 'अ अ' एवढेच आहे. सगळे व्याकरण सांगताना सोयीसाठी अ-ला विवृत धरले होते, ते या सूत्राने परत संवृत केले. आ-च्या बाबतीत ही खटपट करावी लागली नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडाच. शास्त्रकारांनी ज्याला विवृत म्हटले त्यालाच आपल्या आज्या-पणज्या वासलेला म्हणत आल्या.

व्युत्पत्तीकडे येतो. संस्कृतात तोंड उघडण्यासाठी 'व्यादान' हा शब्द आहे आणि उघडलेल्या तोंडाला 'व्यात्त' म्हणतात. अर्थ इतका चपखल आहे की वासणे तिथूनच आले असे म्हणावेसे वाटते. पण ध्वनी आड येतो. व्यात्त झिजून झिजून त-वर थांबेल, त्याचा स होणार नाही. अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही, हे या विषयात नवीन येणाऱ्याला सर्वांत आधी सांगावे लागते.

मला पटणारी वाट 'वि + अस्' या धातूची आहे. अस् म्हणजे टाकणे, फेकणे. त्याला वि लागले की दोन बाजूंना टाकणे, फाकवणे, पसरवणे. याच धातूतून 'व्यास' आला, वर्तुळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेला. वेदांची विभागणी करून मांडणी करणाऱ्या ऋषींचे नावही व्यासच. आता ध्वनी तपासू. शब्दाच्या सुरुवातीचा 'व्य' मराठीत येताना य टाकून देतो: व्याघ्र, मग प्राकृतात वग्घ, मग आपला वाघ. व्याख्यान, मग वक्खाण, मग वाखाणणे. आणि 'स्य', 'श्य' यांचे काय होते ते 'नासणे'त दिसते: नश्यति, नस्सइ, नासणे. त्याच मापाने 'व्यस्यति' चालवून पाहा, वासणे हातात येते. अर्थही जागेवर बसतो, कारण तोंड वासताना दोन जबडे दोन दिशांना टाकलेलेच असतात. वर्तुळाचा व्यास आणि वासलेला आ ही भावंडे आहेत, हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा कितीतरी वेळ मी हातातले काम बाजूला ठेवून बसलो होतो.

पण मला या वाक्प्रचाराबद्दल सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढेच आहे. हे एक तोंड नाही, ही दोन तोंडे आहेत.

'जादूगाराचा खेळ मुले आ वासून बघत होती.' हे एक तोंड. त्याला काही खायचे नाही, काही बोलायचे नाही. समोरचे दृश्य इतके मोठे झाले की तोंड मिटायचे राहून गेले. 'दुष्काळ आ वासून उभा आहे.' हे दुसरे तोंड. ते गिळायला उघडले आहे. पहिल्यात आ वासणारा दुबळा आहे आणि समोरचे थोर. दुसऱ्यात आ वासणाराच थोर, भयंकर, आणि समोरचे आपण दुबळे.

ही दोन्ही तोंडे एकाच प्रसंगात समोरासमोर पाहायची असतील तर गीतेचा अकरावा अध्याय उघडावा. विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनाचे वर्णन चौदाव्या श्लोकात आहे: 'विस्मयाविष्टो हृष्टरोमा'. विस्मयाने भारलेला, अंगावर रोमांच आलेला. आणि दहाच श्लोकांनी, चोविसाव्यात, तोच अर्जुन त्या विश्वरूपाला म्हणतो: 'व्यात्ताननं दीप्तविशालनेत्रम्'. उघडलेल्या तोंडाचा, पेटलेल्या विशाल डोळ्यांचा. पुढे योद्धे त्या तोंडांत शिरताना दिसतात, दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांसारखे. संस्कृताने इथे दोन वेगळे शब्द वापरले, पाहणाऱ्यासाठी विस्मय आणि गिळणाऱ्यासाठी व्यात्त. मराठीत सांगायचे तर दोघांनीही आ वासला आहे. एकाने आश्चर्याने, दुसऱ्याने ग्रासायला. आपल्या भाषेने या दोन टोकांना एकच शब्द दिला, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ कधी होत नाही, कारण पुढचे क्रियापद निवाडा करते. आ वासून बघतो तो पहिला, आ वासून उभा राहतो किंवा धावून येतो तो दुसरा.

गिळणाऱ्या तोंडाच्या गोष्टी आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतात. लंकेला निघालेल्या हनुमानाला नागमाता सुरसा अडवते. तो वाढत जातो तशी ती आ मोठा मोठा करत जाते, योजनांच्या हिशेबाने. शेवटी तो अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरतो आणि तोंड मिटायच्या आत बाहेर येतो. भागवतातला अघासुर अजगर होऊन वाटेत आ वासून पडतो आणि गोपबालक त्याला गुहा समजून आत चालत जातात. वर्गात ही गोष्ट जरूर सांगा. मुलांना तो आ किती मोठा होता हे हात पसरून दाखवायला फार आवडते.

त्याच भागवतात माती खाल्ल्याची तक्रार आल्यावर यशोदा कृष्णाला तोंड उघडायला लावते आणि आत तिला सगळे विश्व दिसते. तिथे आ कृष्णाने केलेला असतो, पण खरा आ तिचा असतो. माझ्या मते या वाक्प्रचाराचे दोन अर्थ इतक्या जवळ दुसरीकडे कुठे येत नाहीत.

'आ वासणे' आणि 'तोंड वासणे' यांत फरक आहे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मुले विचारतील. आहे. आ वासून पाहणाऱ्याबद्दल बोलणाऱ्याच्या मनात थोडे कौतुक असते, निदान समजूत तरी असते. तोंड वासून बघणारा मात्र बावळट ठरतो. 'तोंड वासून काय बघतोस, पिशवी धर' हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्याच्या मागोमाग 'तोंड मीट, माशी जाईल' हेही. तोंड वासण्यात कधी हाव असते, कधी लाचारी. ज्याला आपण होऊन काही मिळवता येत नाही, तो दुसऱ्यापुढे तोंड वासतो. थकून बसल्या जागी झोपलेल्याचे तोंड वासते. माणूस गेल्यावरही ते वासलेले राहू नये म्हणून घरची जाणती माणसे हनुवटीला हात लावून मिटवतात. हे दुसरे सगळे अर्थ 'आ'ला लागत नाहीत. आ-मध्ये जिवंतपणा आहे.

शेजारच्या शब्दांकडे वळलो तर दिसते की आश्चर्य शरीरात नेमके कुठे घडते याबद्दल प्रत्येक शब्दाचे मत वेगळे आहे. 'विस्मय' वि + स्मि, म्हणजे त्यात मुळाशी स्मित आहे. नाट्यशास्त्रात अद्भुत रसाची खूण सांगताना सुरुवातच डोळे विस्फारण्यापासून आणि पापणी न लवता पाहण्यापासून होते. 'चकित' मुळात भ्यालेला, बिचकलेला. कालिदासाने मेघदूतात यक्षाच्या प्रियेला 'चकितहरिणीप्रेक्षणा' म्हटले, तिथे बिचकलेल्या हरिणीची नजर आहे. पुढे भीती गळाली आणि नुसते नवल उरले. 'अवाक्' म्हणजे वाचा नसलेला, त्यात तोंड उघडे की मिटलेले याला महत्त्व नाही. 'थक्क' मला विशेष आवडतो. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात 'स्था' म्हणजे उभे राहणे या धातूच्या जागी प्राकृतात 'थक्क' येतो असे सांगितले आहे. थक्क म्हणजे जागच्या जागी उभा राहिलेला. त्याच घरातला 'थकणे' दमून थांबणारा आणि 'थक्क होणे' नवलाने थांबणारा.

एवढे सगळे शब्द असताना आश्चर्याची जागा म्हणून तोंडाकडे बोट दाखवायचे काम 'आ वासणे'ने केले. उघडे तोंड ही आश्चर्याची खूण जगभर दिसते. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्काराबद्दल जे पुस्तक लिहिले, त्यात आश्चर्याने तोंड का उघडते याचा विचार केला आहे. लक्ष एका ठिकाणी खिळले की जबड्याचे स्नायू सैल पडतात, दचकल्यावर खोल श्वास घ्यायला तोंड उघडते, आणि तोंडाने श्वास घेतला की आवाज कमी होऊन कान टवकारता येतात, अशी कारणे त्याने मांडली. आश्चर्याने तोंडावर हात नेण्याची सवयही त्याने नोंदवली.

ही सवय आपल्या भाषेतही आहेच. 'तोंडात बोट घालणे' काय, हिंदीतले 'दाँतों तले उँगली दबाना' काय, फारसी-उर्दूतले 'अंगुश्त-ब-दंदाँ' काय, सगळीकडे उघड्या तोंडापाशी बोट येते. फारसी आणि मुघल लघुचित्रांत ओठांशी बोट नेलेली माणसे दिसतात, ती नवल करत असतात. मी हे स्वतः पाहिले ते माझ्या आजीत. ती देशावरची, सत्तरी उलटेपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. आम्ही तिला रत्नागिरीला नेले. भाट्याच्या किनाऱ्यावर ती उतरली, दोन पावले पुढे गेली आणि तिने आ वासला. मग सावकाश पदर उचलून तोंडाला लावला आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ ती काही बोलली नाही. कोशात 'आ वासणे'ची नोंद वाचतो तेव्हा मला अजून तो पदर दिसतो.

आता लिहिण्याबद्दल. 'आ' आणि 'वासून' हे दोन शब्द आहेत आणि ते तोडूनच लिहायचे. जोडून 'आवासून' लिहिले की वाचणाऱ्याला 'आवास' म्हणजे घर दिसू लागते. अशी मुद्रिते मी खूप दुरुस्त केली. याच ओढीने 'अवाक'चे 'आवाक' होते. त्यातला अ नकाराचा आहे, तो ऱ्हस्वच हवा. 'आवाका' म्हणजे व्याप्ती, तो पूर्ण वेगळा शब्द.

दुसरी सूचना वापराची. गिळणारा आ हल्ली मथळ्यांमध्ये इतका येतो की त्याचे दात बोथट झाले आहेत. दुष्काळ, कर्ज, महागाई, रस्त्याकडेची दरी यांना तो शोभतो, कारण ही सगळी खरोखर माणसांना गिळतात. पण मी एकदा 'तरुणांसमोर संधी आ वासून उभ्या आहेत' असे वाक्य तपासायला घेतले. लिहिणाऱ्याला 'भरपूर संधी' म्हणायचे होते आणि झाले होते असे, की संधी तरुणांना खायला निघाल्या आहेत. मुलांना निबंध लिहायला शिकवताना एक प्रश्न पुरतो: ही गोष्ट गिळणारी आहे का? असेल तरच तिला आ द्यावा.

राहिला तो मुलगा. त्याला आरसा द्या आणि जोरात 'आ' म्हणायला सांगा. आवाज थांबव, पण तोंड तसेच ठेव, असे सांगा. आरशात जे दिसते तो आ, आणि ते जे उघडे राहिले त्याला वासणे म्हणतात. मग त्याला सांगा की नाकाने घेतो तो वास वेगळा, वनवासातला वेगळा, आणि हा तोंडातला वेगळा. वर्तुळ काढायला तो शिकला असेल तर व्यास दाखवून हेही सांगा की हा आपल्या आ-चा भाऊ. आणि एवढे झाल्यावर सुरसेची गोष्ट सुरू करा.